ओगलेबाईंची बाहेरची खुर्ची

डॉक्टर मंदाकिनी ओगले यांच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. वेटिंग रूममधल्या खुर्च्या वेगळ्या, गादीच्या, एकमेकींना जोडलेल्या. ही एकटीच, दाराला लागून. तिच्यावर पेशंट कधी बसत नसे. बसत ते पेशंटबरोबर आलेले आणि पेशंटपेक्षा जास्त बोलणारे, आणि त्यांना तिथे बसवत त्या बाईच. त्या खुर्चीवर मी जेवढा बसलो तेवढा त्या काळात माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवरही बसलो नसेन. त्याचा राग मला अजून आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी बाईंबद्दल काही बरं लिहिलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे लक्षात येईल.

मी फळांचा व्यापारी. तासगावची द्राक्षं, सांगोल्याची डाळिंबं सिंगापूरला आणतो आणि बेडोकपासून हौगांगपर्यंत मार्केटमधल्या दुकानदारांना विकतो. इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात खोकी उचलत होतो. आज गोदाम माझं आहे. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलं. समोरचा जो पहिला आकडा सांगतो तो खरा नसतो, या एका समजुतीवर माझा सगळा धंदा उभा आहे. ओगलेबाईंचा पहिला आकडा हाच शेवटचा असे. आमचं जमणं शक्यच नव्हतं.

त्यांच्याकडे जायची वेळ आली ती माझ्या मुलामुळे. रोहन जन्मला तेव्हा आम्ही बर्फी वाटली होती, कारण मुलगी झाली असं सगळ्यांना दिसलं होतं. पेढे वाटायला हवे होते हे त्याने आम्हाला मोठा झाल्यावर सांगितलं. त्यावर घरात जी वादळं व्हायची ती झाली, शमली, आणि आता त्याची आई सुषमा त्याच्यासाठी मुलगी बघू का म्हणून त्याला छळते. रोहन तांजोंग पगारला एका कंपनीत हिशेब तपासतो. सगळा विचार करून, स्वतःच्या हिमतीवर, त्याने दुसऱ्या देशात जाऊन शेवटची मोठी शस्त्रक्रिया करून घेतली. हाताची कातडी घेऊन लिंग घडवतात, त्यात लघवीची नवी नळी तयार करतात आणि ती जुन्या नळीला जोडतात. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. पण काही महिन्यांनी जोडावरची नळी आतून आवळत गेली. धार बारीक झाली, मग थेंब थेंब, आणि मागच्या बाजूला एक बारीक भोक पडून तिथून गळायला लागलं. पोरगं कुणाला काही बोललं नाही. बाथरूममध्ये इतका वेळ घालवायचा की आत मोबाइल बघत बसतो म्हणून मी दारावर थापा मारायचो. एक दिवस थंडी वाजून ताप भरला तेव्हा कळलं.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या. एकाने अँटिबायोटिक दिलं. दुसरे म्हणाले, जिथे केलं तिथेच जा. तिसऱ्यांनी कागद वाचले, रोहनकडे बघितलं, पुन्हा कागद वाचले आणि ओगलेबाईंचं नाव सांगितलं. अपघातात फाटलेले, जन्मतः चुकलेले, शस्त्रक्रियेनंतर आवळलेले मूत्रमार्ग पुन्हा बांधायचे, एवढंच काम त्या करत.

मी कुणी रुबाबदार बाई असेल म्हणून टाय बांधून गेलो. समोर आल्या त्या साठीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पायात शाळकरी मुलांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. एक चष्मा डोक्यावर, एक गळ्यात, आणि टेबलावर तिसरा शोधत होत्या. मूळच्या मिरजेच्या, हे बोलण्यावरून दोन वाक्यांत कळलं. मला म्हणाल्या, "या जगताप, टाय सोडा, घुसमटाल."

त्यांनी रोहनला आधी टॉयलेटमध्ये पाठवलं. तिथे एक यंत्र असतं. त्याच्या फनेलमध्ये लघवी केली की धारेचा वेग कागदावर उमटतो. सिस्टर रोस्नाने यंत्र चालू केलं आणि रोहन आत गेला. ओगलेबाई उठून टॉयलेटच्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मान कलती, डोळे मिटलेले. मी विचारलं, काय हरवलंय का. त्यांनी हाताने मला गप्प केलं. बराच वेळ आतून काहीच आलं नाही. मग थोडं, मग पुन्हा काही नाही. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "जोडावर अडतंय. आणि मागून गळतंय."

कागद अजून यंत्रातून बाहेरही आला नव्हता. मी म्हणालो, मग एवढं महागाचं यंत्र कशाला ठेवलंय.

"यंत्राला वेग कळतो," त्या म्हणाल्या. "पोरगं जोर कुठे लावतंय ते कळत नाही."

पुढे कळलं की त्या मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत वाढल्या. दिवसभर कुणीतरी जवारी लावत बसलेलं असायचं. तीच तार पुन्हा पुन्हा छेडायची, ऐकायची, घोडी जराशी घासायची, पुन्हा ऐकायचं. आपला कान तिथे तयार झाला असं त्या सांगत. स्वतःचंच कौतुक स्वतः करण्याची ही पद्धत मला पटली नाही. पण नंतर औषध भरून एक्स-रे काढला त्यात अडथळा बरोबर जोडावर होता आणि भोक मागे.  त्यावर बाईंनी काही बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "यंत्र पण बरं आहे हो."

उपाय त्यांनी असा सांगितला. बेंबीच्या खालून मूत्राशयात एक नळी घालायची, लघवी तिथून पिशवीत. खालच्या वाटेला पूर्ण विश्रांती. सूज उतरायला, कातडी मऊ पडायला सहा महिने. त्याआधी त्या हात लावणार नव्हत्या.

सहा म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप तीन निघालं.

"सहा," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं की मुलाला नोकरी आहे, पिशवी मांडीला बांधून कुठवर फिरेल. तुमचं नको, माझं नको, साडेचार करा. बाईंनी रोहनकडे वळून विचारलं, तुझे बाबा काय विकतात. रोहन म्हणाला, फ्रूट.

"वाटलंच. जगताप, द्राक्ष वेलीवरून कच्चं तोडलं तर घरी ठेवून गोड होतं का?"

नाही होत. केळं होतं, आंबा होतो. द्राक्ष तोडलं की तिथेच थांबतं. हे मला माहीत होतं, आणि मिरजेच्या असल्यामुळे त्यांनाही. माझाच माल माझ्या तोंडावर मारला. मी चिडून म्हणालो की हे फळ नाही, शेवटी पाइपच आहे, आमच्या गोदामातला प्लंबर एका दुपारी बदलतो.

"पाइपला दुखत नाही," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे बोट केलं. "बाहेर खुर्ची आहे."

ही पहिली वेळ.

त्या सहा महिन्यांत नळी बदलायला, तपासायला पुन्हा पुन्हा जावं लागे. मी सोबत जाई, रोहन नको म्हणत असताना. तिथली वेटिंग रूम म्हणजे प्रोस्टेटच्या तक्रारी घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांचा मेळावा. त्यांच्या मधोमध माझा तरुण मुलगा, पँटखाली पिशवी बांधून. मला ते बघवेना. मी सिस्टर रोस्नाकडे वेगळ्या खोलीची मागणी केली. ती आत जाऊन विचारून आली आणि खाली मान घालून निरोप दिला: डॉक्टर म्हणतात, तो पुरुष आहे, पुरुषांत बसेल.

आणि मग शेजारच्या एका चिनी आजोबांनी रोहनच्या गुडघ्यावर हात ठेवला. यंग मॅन, एवढ्या लहान वयात तुला पण त्रास, म्हणून हळहळले. मग पपईच्या बियांपासून बार्लीच्या पाण्यापर्यंत सगळे उपाय सांगितले, आणि आपण रात्रीत किती वेळा उठतो तेही. दुसऱ्या बाजूच्या मलाय आजोबांना ते पटलं नाही; त्यांचा बार्लीला विरोध होता. दोघे रोहनच्या डोक्यावरून भांडू लागले. रोहन दोघांनाही "येस अंकल, येस अंकल" करत होता, आणि किती दिवसांनी त्याच्या गालाला खळी पडलेली मला दिसली. दार किलकिलं करून बाई बघत होत्या. आपलं बरोबर ठरलं की त्या चष्मा पुसायला घेत. त्या दिवशी दोन्ही पुसले.

एकदा कृतज्ञता म्हणा किंवा धोरण म्हणा, मी द्राक्षांची पेटी घेऊन गेलो. बाईंनी झाकण उघडलं, वाकून वास घेतला, तासगावची म्हणाल्या, आणि झाकण लावून परत दिली. पेशंटकडून काही घेत नाही. एक मणीसुद्धा घेतला नाही. वास मात्र भरपूर घेतला, हे मी नोंदवून ठेवतो.

दुसऱ्यांदा मला त्यांचा अंदाज आला तो बेडोकच्या मार्केटमध्ये. रविवारी सकाळी मी एका दुकानदाराशी वाद घालत होतो आणि पलीकडे बाई भेंडी घेत होत्या. भाव न विचारता. एकेक भेंडी न निवडता. भाजीवालीने पिशवीत भरली तेवढी घेतली, मागितले तेवढे दिले. मला राहवेना. मी जाऊन त्यांच्या पिशवीतली एक भेंडी काढली आणि शेंडा मोडून दाखवायला गेलो. मोडेचना, इतकी जून. मी म्हणालो, फसवलंय तुम्हाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आमटीत चालते."

या बाईंना व्यवहार अजिबात कळत नाही, असं मी घरी येऊन सुषमाला सांगितलं.

सहा महिने संपले. एक दिवसही कमी झाला नाही. बाईंनी पुन्हा तपासलं आणि रोहनसमोर दोन वाटा ठेवल्या. पहिली सोपी: लघवीचं तोंड कायमचं मागे, खाली उघडायचं. एकच शस्त्रक्रिया, पुन्हा आवळायची भीती फार थोडी, पण लघवी बसून करायची, जन्मभर. दुसरी लांबची: गालाच्या आतलं मऊ अस्तर काढून नळीच्या जागी लावायचं, ते रुजायला पुन्हा काही महिने थांबायचं, मग दुसरी शस्त्रक्रिया करून ते गुंडाळून त्याची नळी शिवायची. हे सगळं करूनही पुन्हा आवळू शकतं, पुन्हा गळू शकतं. "तिसऱ्यांदा टेबलावर घेणार नाही असं मी लिहून देणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी म्हणालो, यात विचार कसला. पहिली. बसून केली म्हणून काय बिघडतं, निम्मं जग बसून करतं. रोहन जमिनीकडे बघत होता. मी आणखी दोन मुद्दे मांडले. तिसरा मांडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "जगताप, खुर्ची."

या वेळी बराच वेळ गेला. मी दाराला कान लावला. हे सिस्टर रोस्नाने बघितलं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. बाई दाराला कान लावतात ते चालतं, मग मला का चालू नये? शब्द कळत नव्हते. पण घरी मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा माझा मुलगा आत सलग मराठीत बोलत होता, आणि ओगलेबाई, ज्या मला एक वाक्य पुरं करू देत नसत, मधे एकदाही बोलल्या नाहीत.

परत जाताना एमआरटीच्या गाडीत मीच विचारलं. रोहन खिडकीकडे बघत म्हणाला की त्याने दुसरी वाट निवडली. मग पुढे म्हणाला, "बाबा, लंचनंतर ऑफिसचे सगळे टॉयलेटला जातात. बोलत बोलत. बोलणं तिथे उभ्या उभ्या चालूच राहतं. मी दार लावून आत बसतो आणि बाहेर आलो की विषय बदललेला असतो. दॅट्स ऑल. मला विषय चुकवायचा नाही."

माझा सल्ला व्यवहाराचा होता, असं मी आजही म्हणतो. पण मांडायचा राहिलेला तिसरा मुद्दा मी त्या दिवशी गाडीतच सोडून उतरलो, आणि मला ओळखणाऱ्यांना यात काय ते कळेल.

पहिल्या शस्त्रक्रियेआधी बाईंनी रोहनला तोंड उघडायला लावून गालाच्या आत बोट फिरवलं. समाधानाने म्हणाल्या, "घराणं तोंड चालवणाऱ्यांचं आहे. अस्तर दणकट असणार." सुषमा हसली. ती बाईंच्या बाजूची झाली होती. रोहनला पुढे काही दिवस तिखट बंद. बाईंनी गार ताक आणि दहीभात सांगितला होता, आणि तो नीट कालवलेला असावा म्हणून सुषमाला फोन करून कृतीही सांगितली, जणू आमच्या घरी दहीभात कधी झालाच नव्हता.

काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या तपासणीत, औषध भरून काढलेल्या चित्रात, शिवणीच्या एका टोकाला अजून जरा गळत होतं. मी तयारच होतो. आवाज चढवला. बाईंनी मला बोलू दिलं, हे नवल. मग म्हणाल्या, "या वेळेपर्यंत बंद होईल असा माझा अंदाज होता. चुकला. बारीक आहे, पोटातली नळी राहू दे, मिटेल असं वाटतं. नाही मिटलं तर मी शिवेन." डॉक्टरनेच चुकला म्हटल्यावर पुढे भांडणार कशावर? एवढा चांगला संताप वाया गेला. खुर्चीवर मात्र मी त्या दिवशी न सांगता जाऊन बसलो.

गळती मिटली. आणि मग शेवटची तपासणी ठरली. पोटातली नळी बंद करून ठेवायची आणि रोहनने खालून, उभ्याने, लघवी करून दाखवायची. त्याच महिन्यात बाई निवृत्त होऊन मिरजेला जाणार होत्या, हे सिस्टर रोस्नाने सांगितलं. सुषमाने घरी पेढे केले. मी म्हणालो, त्या घेणार नाहीत. तिने डबा माझ्याच हातात दिला.

रोहन टॉयलेटमध्ये गेला. त्याचा चेहरा मी मुद्दाम बघितला नाही. मी सवयीने निळ्या खुर्चीकडे निघालो तर बाईंनी मला बोटाने बोलावलं आणि आपल्या शेजारी, बंद दारापाशी उभं केलं. त्यांनी डोळे मिटले. मी कशाला मिटू. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आत काही नाही. काही नाही. बाईंची भुवई हलली नाही. मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"बाबा," आतून रोहनचा आवाज आला, "आर यू लिसनिंग?"

"नाही," मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या. "कर तू."

मग धार लागली. मला तंबोऱ्यातलं काही कळत नाही. पण ती मधे तुटली नाही, ओढली नाही, आणि तिच्यात कुठे जोर लावल्याचा आवाज नव्हता, एवढं माझ्यासारख्या माणसालाही कळलं. बाई संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. मग डोळे उघडले, आणि यंत्रातून आलेला कागद न बघताच रोस्नाकडे देऊन टाकला. गळ्यातला चष्मा काढून पुसला. मग डोक्यावरचा.

मी डबा पुढे केला. त्यांनी विचारलं हे काय.

"पेढे," मी म्हणालो. "मुलगा झाला."

बाई डब्याकडे बघत राहिल्या. मग नेहमीचं सुरू झालं: पेशंटकडून मी काही घेत नाही. मी म्हणालो, मी पेशंट नाही. त्यांनी जरा विचार केला.

"एक घेईन."

"चार."

"एक, जगताप."

"एवढा उशीर झालाय वाटायला. तीन तरी."

"एक."

"तुमचं नको, माझं नको," मी म्हणालो. "दोन."

ओगलेबाईंनी सुस्कारा सोडला, जणू मी त्यांचं घर विकायला लावलं होतं. "बरं. दोन," म्हणाल्या, आणि दोन पेढे उचलले.

त्या बाईंशी केलेला एकमेव सौदा मी जिंकलो होतो. रोहनचा हात धरून मी छाती काढून लिफ्टपाशी गेलो. त्याने बटण दाबलं. मी सहज मागे वळून बघितलं.

निळ्या खुर्चीवर एक जाडजूड चिनी गृहस्थ येऊन बसले होते. आमच्या पुढच्या नंबरच्या पेशंटचे वडील असावेत. बाह्या वर सारलेल्या, मान लाल, नुकतेच आतून बाहेर काढलेले. त्यांना तावातावाने बाहेर येताना मी मघाशी बघितलं होतं, बाईंनीही बघितलं होतं, आणि तेव्हा आमची घासाघीस अजून सुरूही झाली नव्हती. बाई एक पेढा खात त्यांच्यासमोर उभ्या होत्या. दुसरा त्यांनी त्या गृहस्थांच्या तळहातावर ठेवला. ते तो उलटासुलटा करून बघत होते, नाकाशी नेत होते, काय करायचं कळत नव्हतं. बाईंनी दोन बोटांनी खाण्याची खूण केली, आणि लिफ्टचं दार बंद झालं.